काचेची नळी

राळेगणसिद्धीच्या शिवारात रात्री पिकाला पाणी देणाऱ्याला धास्ती असते ती घोणस सापाची. तिचे विष रक्त गोठवणारे घटक वापरून संपवते; मग जखमेतले रक्त थांबत नाही. तपासणी साधी आहे. थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचनळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. एका दवाखान्यात माझ्या शेजाऱ्याचे रक्त प्लास्टिकच्या नळीत ठेवलेले मी पाहिले. प्लास्टिकमध्ये निरोगी रक्तही उशिरा गोठते. विषबाधा नसली तरी आहे असे वाटते. तेव्हापासून मी या नळीचा इतिहास धुंडाळतो आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियमच्या ज्यूल बोर्डे यांनी दाखवले, की आतून मेणाचा लेप दिलेल्या नळीत रक्तद्रव पातळ राहतो. १९५५ मध्ये अमेरिकेच्या ऑस्कर रॅटनॉफ यांनी जॉन हेजमन या रेल्वे कामगाराची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचे रक्त काचेत फार उशिरा गोठे, पण रक्तस्रावाचा त्रास त्याला कधी नव्हता. काचेच्या स्पर्शाने जागा होणारा बारावा घटक त्याच्या रक्तात नव्हता. १९६८ मध्ये तो गेला, तोही फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने!

आज औषध वाहणारे नॅनोकण थेट रक्तात सोडतात. सिलिकाचा उघडा कण काचेसारखाच बारावा घटक जागवू शकतो. म्हणून कणांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा लेप देतात, त्याला प्रथिने कमी चिकटतात. बोर्डे यांच्या मेणाचीच ही पुढची पिढी. मात्र नळीतले उत्तर शरीरात तसेच लागू पडत नाही, हे हेजमनने शिकवले. लेपाची परीक्षा शेवटी वाहत्या रक्तातच व्हायला हवी. आमच्या दवाखान्याला मात्र आधी स्वच्छ काचनळी हवी.