तिथी, पीक आणि तारीख : कापसाच्या मुलखातले सण आणि प्रदर्शनं

पीएच.डी.ला नाव नोंदवायच्या तयारीत असलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: विषय कुठून आणायचा? माझं उत्तरही ठरलेलं आहे. गावात दरवर्षी जे होतं आणि ज्याबद्दल कुणालाच काही विचारावंसं वाटत नाही, तिथून सुरुवात करा. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ.

सप्टेंबर संपत आला की बाभुळगाव, यवतमाळ, धामणगाव या पट्ट्यात दोन प्रकारची पत्रकं दिसायला लागतात. एक सणांची: घटस्थापना, यवतमाळचा दुर्गोत्सव, दसरा, कोजागिरी. दुसरी प्रदर्शनांची: बचत गटांचं दिवाळी फराळ प्रदर्शन, मंगल कार्यालयातला कपड्यांचा सेल, नागपूरचं ॲग्रोव्हिजन, डिसेंबरअखेर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातलं कृषी प्रदर्शन. आपण या सगळ्याला मिळून 'सीझन' म्हणतो आणि सोडून देतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवं. यातली प्रत्येक गोष्ट त्या-त्या वेळेलाच का होते? ती वेळ कुणी ठरवली? आणि त्या वेळेचा फायदा कुणाला होतो?

आधी मोजून घ्या

मी विज्ञानाकडून इतिहासाकडे आलेय, त्यामुळे पहिली सवय मोजण्याची. गेल्या काही वर्षांतल्या दसऱ्याच्या तारखा लिहून काढा. २०२२ मध्ये ५ ऑक्टोबर, २०२३ मध्ये २४ ऑक्टोबर, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबर, २०२५ मध्ये २ ऑक्टोबर आणि २०२६ मध्ये २० ऑक्टोबर. दरवर्षी साधारण ११ दिवस मागे, आणि मग एकदम १८-१९ दिवस पुढे. ही उडी अधिक मासामुळे पडते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून त्यानंतरचे सगळे सण पुढे ढकलले गेले. १९ सौर वर्षं म्हणजे जवळजवळ बरोबर २३५ चांद्र महिने, त्यामुळे तिथी १९ वर्षांनी साधारण त्याच तारखेवर परत येते. २००६ चा दसराही २ ऑक्टोबरलाच होता.

आता कापसाकडे बघा. पेरणी मृगाच्या पावसावर, बोंडं फुटणं पावसाच्या उघडीवर आणि उन्हावर. पीक सूर्याच्या मागे चालतं, सण चंद्राच्या मागे. म्हणजे दसरा कधी कापसाच्या आधी येतो, कधी कापसाच्या बरोबर. आपल्या आजी-आजोबांना हे पंचांग न उघडता कळत होतं. 'औंदा दिवाळी लवकर आहे' हे वाक्य आपल्याकडे पैशाबद्दलचं वाक्य आहे.

या मोजणीतून एक वर्गीकरण हाती लागतं. आपल्या भागातले प्रसंग तीन प्रकारे वेळ धरतात: तिथीने, पिकाने आणि तारखेने.

पिकाने चालणारे

तिथीचे सण सगळ्यांना माहीत आहेत. पिकाने चालणाऱ्यांकडे मात्र अभ्यासकांचं लक्ष कमी गेलंय. सीतादही हे त्याचं उत्तम उदाहरण. कापसाची पहिली वेचणी करायच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, फुटलेल्या बोंडांची पूजा करायची आणि मग वेचायला लागायचं. कॅलेंडरवर हा दिवस छापता येत नाही, कारण तो शेजारच्या दोन वावरांतसुद्धा वेगळा असू शकतो. तो बायकांचा आहे, वेचणाऱ्यांचा आहे आणि खासगी आहे. म्हणून तो कागदपत्रांत क्वचित सापडतो. तुम्हाला लोकपरंपरेवर काम करायचं असेल तर हे लक्षात ठेवा: ज्या प्रसंगाला तारीख नाही, त्याची फाइल बनत नाही. तिथे तुम्हाला मुलाखतीच घ्याव्या लागतील.

याच्या अगदी उलट टोकाला मुहूर्ताची खरेदी. दसऱ्याला किंवा त्याच्या मागेपुढे व्यापारी काट्याची पूजा करतो, पहिली गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला शेला, टोपी, नारळ देतो, आणि त्या दिवशीचा भाव जरा चढाच लावतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. इथे तिथी आहे, पीक आहे, आणि व्यापारही आहे. पण वेळ कुणाच्या सोयीची? व्यापाऱ्याच्या वहीपूजनाचं वर्ष दिवाळीला उलटतं. मराठीत नवीन वर्ष गुढीपाडव्याचं, पण बाजाराचं दिवाळी पाडव्याचं. गुजराती-मारवाडी पेढ्यांबरोबर आलेली ही कालगणना आपण इतकी अंगवळणी पाडून घेतलीय की ती आपलीच वाटते.

तारखेने चालणारं प्रदर्शन

आता प्रदर्शनाकडे येऊ. १८५१ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं, आणि पुढच्या दोन दशकांत ही कल्पना साम्राज्यभर पसरली. आपल्या बाजूला ती आली डिसेंबर १८६५ मध्ये, नागपूरला. मध्य प्रांत नुकताच, म्हणजे १८६१ मध्ये तयार झाला होता. रिचर्ड टेंपल तिथला चीफ कमिशनर. कला, कारागिरी आणि शेतमाल यांचं ते प्रदर्शन होतं. लगेच पुढच्या वर्षी, डिसेंबर १८६६ मध्ये, जबलपूरला तसंच दुसरं भरलं.

डिसेंबरच का? कारणं अगदी जमिनीवरची आहेत. काळ्या मातीच्या वाटा पावसाळ्यात गाडीला बंद असतात. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये, म्हणजे १८६५ च्या प्रदर्शनाला माल आणि माणसं आली ती बैलगाड्यांनीच. खरिपाचा माल तेव्हा घरात आलेला असतो. आणि साहेबांचे दौरे हिवाळ्यातच निघत. म्हणजे तारीख ठरवणाऱ्यांनी पीक, वाटा आणि स्वतःचा दौरा बघितला. तिथी बघितली नाही.

आता १८६५ हे साल बघा. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याच उन्हाळ्यात मुंबईत पेढ्या बुडाल्या. डिसेंबरचं प्रदर्शन भरलं ते या पडझडीनंतर. तेजी संपल्यावर 'आमचा प्रांत किती समृद्ध आहे' हे दाखवायची गरज जास्त असते. एखाद्या अहवालाचा सूर समजून घ्यायचा असेल तर त्याच्या आदल्या आठ महिन्यांत काय झालं होतं ते आधी बघा.

त्या काळात अधिकाऱ्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. त्यासाठी या भागात खास कापूस आयुक्त नेमला गेला, हॅरी रिवेट-कारनॅक. हिंगणघाट भागातला 'बनी' हा लांब, तलम धाग्याचा देशी कापूस म्हणजे त्यांच्या दृष्टीने आदर्श. पण पुढच्या काही दशकांत वऱ्हाडातल्या शेतांत पसरला तो 'जरी', आखूड आणि जाड धाग्याचा. अधिकारी याला शेतकऱ्याचं अज्ञान समजत. हिशोब मात्र सोपा होता. जरीला रुईचा उतारा जास्त आणि पीकही भरवशाचं. बाजार धाग्याच्या लांबीचे म्हणावे तेवढे जास्त पैसे देत नव्हता. अधिकारी धाग्याची लांबी बघत होते, शेतकरी काट्यावरचा आकडा बघत होता. या दोन वाक्यांमधल्या अंतरात एक अख्खा प्रबंध बसतो.

कोण बघतं, कोणाला बघतात

जबलपूरच्या प्रदर्शनाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे आदिवासी समाजांतली माणसंसुद्धा आणली गेली होती. त्यांची पाहणी करून मानववंशशास्त्रीय समितीने अहवाल तयार केला आणि १८६८ मध्ये तो नागपूरला छापला गेला. त्याच्या शीर्षकातच या माणसांना 'नमुने' म्हटलंय. गव्हाचे नमुने, कापसाचे नमुने, तशी माणसं.

आता हेच आपल्या जिल्ह्यात आणून बघा. पांढरकवडा-केळापूर भागात दिवाळीच्या दिवसांत गोंड समाजाची दंडार निघते, एका गावची मंडळी दुसऱ्या गावात जाऊन नाचतात, पाहुणचार घेतात. तिथे नाचणारा आणि बघणारा यांच्यात नातं असतं, पुढच्या खेपेला भूमिका बदलतात. प्रदर्शनात मात्र बघणाऱ्याने तिकडे जायचं आणि बघितल्या जाणाऱ्याने उभं राहायचं, एवढंच. माझ्या मते जत्रा आणि प्रदर्शन यांच्यातला खरा फरक हा आहे. व्यापार दोन्हीकडे असतो, गर्दी दोन्हीकडे असते. फरक असतो नजरेच्या दिशेत. आजच्या 'आदिवासी हस्तकला प्रदर्शना'चा अभ्यास करायला जाल तेव्हा हा प्रश्न खिशात ठेवा.

जत्रा पैशाच्या मागे

आपल्या भागातल्या मोठ्या यात्रा दसरा-दिवाळीला फारशा नसतात, हेही तुम्हाला जाणवलं असेल. अमरावती जिल्ह्यातली बहिरमची यात्रा सुरू होते २० डिसेंबरला आणि जानेवारीभर चालते. सालबर्डीची महाशिवरात्रीला. वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेतला बैलबाजारही उन्हाळ्याच्या तोंडावरचा. उलट भंडारा-गोंदियाकडे, धानाच्या मुलखात, भाऊबीजेपासूनच गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार आणि नाटकं होतात. इथे एक गृहीतक मांडता येतं: धान दिवाळीच्या सुमारास एकदम हाती येतं, म्हणून तिथे दिवाळीलाच मंडई. कापूस तीन-चार वेचण्यांत, महिने-महिने येतो, म्हणून पैसा खुळखुळतो तो डिसेंबरनंतर आणि जत्राही तेव्हाच. हे तपासता येण्यासारखं आहे. दोन्ही भागांतल्या यात्रांची यादी करा, तिथी आणि पीक समोरासमोर मांडा. गृहीतक मोडलं तरी काम वाया जात नाही. बहिरमबाबाची यात्रा इंग्रजी तारखेला का सुरू होते, हा प्रश्न तर स्वतंत्र शोधनिबंधाचा आहे.

प्रत्येक प्रसंग पिकाच्या चौकटीत बसत नाही, हेही तितकंच खरं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून विदर्भातल्या लाखो लोकांसाठी दसरा म्हणजे दीक्षाभूमी. तिथल्या बाजारात सगळ्यात मोठी रांग असते पुस्तकांच्या दुकानांची. त्या गर्दीचा अर्थ कापसाच्या भावाने लावायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. गृहीतकाची हद्द कुठे संपते ते सांगणं हाही संशोधनाचाच भाग आहे.

कागद कुठे आणि कसे शोधायचे

थोडं व्यवहाराचं. जुन्या दप्तरात 'यवतमाळ' शोधून थांबू नका. १९०५ पर्यंत जिल्ह्याचं नाव 'वून' म्हणजे वणी होतं. इंग्रजी स्पेलिंगही 'येओटमाल' असं मिळेल. बाभुळगाव तेव्हा तालुका नव्हता. १९०५ नंतर जिल्ह्याचे तालुके पाचच: यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी, पुसद. आणि वऱ्हाड १९०३ पर्यंत मध्य प्रांताचा भागच नव्हता. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, पण हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत. म्हणजे १८६५ चं नागपूर आणि त्याच वर्षीचं बाभुळगाव यांची कागदपत्रं दोन वेगळ्या सरकारी वाटांनी गेलेली आहेत. आल्फ्रेड लायल यांचं १८७० चं वऱ्हाड गॅझेटियर आणि १९०८ चं यवतमाळ जिल्हा गॅझेटियर शेजारी ठेवून वाचा. मधल्या काळात काय बदललं ते आपोआप दिसेल.

बाजाराचे कागदही सोडू नका. १८८६ मध्ये कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. १९०३ मध्ये मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी रेल्वे, आपली 'शकुंतला', कापूस वाहायला लागली. बाजार समित्यांत वजन मात्र व्यापाऱ्यांचं होतं. प्रदर्शनाच्या अहवालात शेतकरी बक्षीस घेताना दिसतो, बाजाराच्या कागदांत तो वजनमापावरून भांडताना दिसतो. दोन्ही माणसं एकच आहेत. तुम्ही कुठला कागद उघडता त्यावर तुमचा इतिहास ठरतो.

हे आज कशाला?

कारण कॅलेंडरांची ही ओढाताण संपलेली नाही. सीसीआय हमीभावाने कापूस घेते तेव्हा ओलावा ८ ते १२ टक्क्यांत असावा लागतो. १२ च्या वर गेला की माल परत. ऑक्टोबरमधल्या पहिल्या वेच्यात पाऊस आणि दव दोन्ही असतं. दिवाळी २०२५ सारखी २१ ऑक्टोबरला आली, तर घरात पैसा हवा असतो आणि घरात असतो तो ओला कापूस. मग तो गावातल्या व्यापाऱ्याकडे जातो, हमीभावाच्या खाली. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला असेल तर तोच कापूस अंगणात वाळवायला दोन-अडीच आठवडे जास्त मिळतात. तिथी फक्त १८ दिवसांनी सरकते, पण त्या १८ दिवसांत कुणाच्या तरी वर्षभराच्या भावाचा निकाल लागतो.

म्हणून या हंगामात एक काम करा. तुमच्या गावात दसऱ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत जे-जे भरतं, निघतं, उघडतं त्याची यादी करा. प्रत्येकासमोर लिहा: तिथी, पीक की तारीख? वेळ कुणी ठरवली? कोण बघतं आणि कोणाला बघितलं जातं? वहीची चार पानं भरली, की विषय कुठून आणायचा हा प्रश्न उरणार नाही. कुठला निवडायचा, एवढाच उरेल.