केलेला उतार, झालेला उतार

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी आईने ठरवलं, आता किचनला ट्रॉल्या करायच्याच. नेरूळच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात तीस वर्षं कडप्प्याच्या ओट्याखाली डबे, पिंप, सिलिंडर आणि पुढे एक पडदा एवढ्यावर भागत होतं. मॉड्युलर किचनवाला मुलगा आला. त्याने लेसर लावला, भिंतीवर लाल रेघ उमटली. रेघेपासून जमिनीपर्यंत टेप धरत तो आकडे सांगत गेला, मी फोनमध्ये टिपत गेले. दार आणि खिडकीखालचा कोपरा यांच्यात ३१ मिलिमीटरचा फरक निघाला.

"फ्लोअर लेव्हल करून द्या, मग कॅबिनेट बसतील," असं सांगून तो गेला.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. रात्री बसून उपाय शोधून काढला. सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड नावाचं एक पातळ मिश्रण मिळतं. ओतलं की आपोआप पसरतं आणि सपाट होऊन सुकतं. एका दिवसाचं काम. आईने मात्र करावे गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांना बोलावलं.

काकांनी टेप काढलीच नाही. दाराजवळ एक तांब्याभर पाणी ओतलं आणि उभे राहिले. पाणी आधी सरळ खिडकीखालच्या कोपऱ्याकडे गेलं. मग त्यातली एक धार मध्येच वळली आणि बाहेरच्या भिंतीलगत, जिथे दोन टाइल तडकल्या होत्या, तिथे साचून राहिली.

"पोरी, हे दोन वेगळे उतार आहेत," काका म्हणाले. "एक केलेला आहे, एक झालेला आहे."

केलेला उतार

खिडकीखालच्या कोपऱ्यात पूर्वी मोरी होती. मला अंधुक आठवते. कमरेइतका कठडा, खाली जाळी, वर नळ. सिंक आलं तेव्हा कठडा फोडला आणि जाळीवर टाइल बसवली. पण गवंड्याने ही जमीन केली होती ती त्या मोरीसाठी. शंभराला एक असा ढाळ धरला तर आठ फुटांत साधारण २४ मिलिमीटर होतात. आमच्याकडे त्या दिशेने २० भरले. म्हणजे ज्याला मी चूक समजत होते, त्यातला मोठा भाग कुणीतरी विचार करून दिलेला होता.

आपल्याकडे स्वयंपाकघराची जमीन हाच ओटा होता. चूल खाली, पाटा-वरवंटा खाली, विळी खाली, जेवायचे पाटही खालीच. म्हणून गावाकडे जमीन 'करायची' असायची. माती-मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, चोपण्याने चोपून घट्ट करायचं आणि वरून शेणाने सारवायचं. हे एकदा करून संपत नसे. पुढे शहाबादी फरशी आली, मग सिमेंटच्या टाइल आल्या. त्या टाइलचा एक धागा आमच्या भागातूनच जातो. परदेशी टाइलना स्वदेशी पर्याय म्हणून भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी १९२२ मध्ये सुरू झाली, आणि तिचा पहिला कारखाना उरणला होता. साहित्य बदलत गेलं, पण जमिनीवर पाणी ओतून ती धुवायची हे बदललं नाही. त्यामुळे ढाळही राहिला.

सपाट जमिनीचा आग्रह उभ्याने करायच्या स्वयंपाकाबरोबर आला. १९२६ मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टमधल्या सरकारी घरांसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. १.९ बाय ३.४ मीटर. कपाटं, खण, ओटा सगळं मापात आणि भिंतीला लागून. अशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. आपल्याकडे मुंबईत १९५५ मध्ये 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस मिळू लागला आणि हळूहळू शेगडी जमिनीवरून ओट्यावर चढली.

ओट्याखालचे कडप्पे उभे करताना गवंडी जमिनीप्रमाणे एखादा कडप्पा कमी-जास्त कापून घेई. कारखान्यातून आलेल्या खोक्याला ही सवलत नाही. ते गुण्यात बनलेलं असतं. वाकड्या जमिनीवर ठेवलं की पिळवटतं, दोन दारांमधली फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसते, खण आपोआप उघडतात. खोकं सरळ आहे, म्हणून जमीन चूक ठरते.

झालेला उतार

उरलेले ११ मिलिमीटर भिंतीकडे होते, आणि ते कुणी दिलेले नव्हते. काकांनी तिथल्या टाइलवर हातोडीची मूठ आपटली. आवाज पोकळ आला. "खाली भराव बसलाय," ते म्हणाले. "बसणारच. इथे आमची खारजमीन होती. माझा बाप इथे राता भात लावायचा."

राता म्हणजे खाऱ्या जमिनीत तग धरणारं लाल तांदळाचं भात. नेरूळ, करावे, बेलापूर, वाशी या सगळ्या खाडीकाठाला ही शेती आणि मिठागरं होती. आगरी-कोळ्यांच्या पिढ्यांनी चिखलाचे बांध घालून भरतीचं पाणी बाहेर ठेवलं होतं. पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढायला वर्षं लागत. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या बांधांची नोंद आहे, आणि ते घालणाऱ्यांच्या 'शिलोत्री' हक्काचीही. बांध फुटला तर 'खांड गेली' म्हणत, आणि ती बुजवायला आख्खं गाव उतरे.

बांधात एक लाकडी झडप असे, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. भरती आली की खाडीचं पाणीच तिला बंद करतं. मोटर नाही, सेन्सर नाही.

या जमिनीखाली कित्येक मीटर खोल काळा-निळा समुद्री चिखल आहे. तो भिजलेल्या स्पंजसारखा असतो, फक्त त्याची छिद्रं इतकी बारीक की पाणी निघायला वर्षानुवर्षं लागतात. वर भराव टाकला की पाणी सावकाश पिळलं जातं आणि जमीन तेवढी खाली बसते. हे गणित कार्ल टेर्झागी यांनी १९२५ मध्ये मांडलं. इमारत पाइलवर, म्हणजे चिखलातून आरपार खालच्या कठीण थरापर्यंत नेलेल्या खांबांवर असेल, तर ती जागेवर राहते. तिच्या भोवतालची जमीन आणि तळमजल्याखालचा भराव मात्र खाली जात राहतो. वाशी-नेरूळमध्ये एखाद्या जुन्या बिल्डिंगच्या दाराशी नंतर जोडलेली जास्तीची पायरी दिसली तर थांबून बघा. तेवढी जमीन बसलेली असते.

कागदावरची सपाटी

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला जुळं शहर द्या. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटरचं क्षेत्र या नव्या शहरासाठी ठरलं. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर पूल झाला.

आमच्या आईबाबांसारख्या, मुंबईत घर न परवडणाऱ्या हजारो कुटुंबांना या शहराने छप्पर दिलं. त्या योजनेतल्या चांगल्या गोष्टी मी रोज वापरते. पण नकाशा काढताना जमीन कोरी धरली जाते. इथे ती कोरी नव्हती.

वाशी, नेरूळ, बेलापूरचे सखल भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली येतात. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला दारं बंद, तोवर पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला दारं उघडतात आणि पाणी खाडीत जातं. याला सगळीकडे 'डच पद्धत' म्हणतात. काकांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते हसले. "ही उघाडीच की."

तत्त्व तेच आहे. फरक निगराणीत पडला. उघाडी बिघडली तर शेत जाणार, म्हणून ती दुरुस्त करणारा माणूस बांधावरच असे. धारण तलावांत गाळ साचत गेला, गाळात कांदळवन वाढलं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढणं हा परवानग्यांचा आणि कोर्टाचा विषय झाला.

बांधावरच्या माणसाचं काय झालं, हेही इथेच सांगायला हवं. जमिनी गेल्या, मिळालेला मोबदला तुटपुंजा होता. न्हावा-शेवा बंदरासाठी आणखी जमिनी घ्यायची वेळ आली तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मारले गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना या लढ्यातून आली. मी याच शहरात शाळा शिकले. जासईचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजात, एका मैत्रिणीच्या घरी, हार घातलेल्या फोटोखाली.

जमीन सपाट करण्याचं सगळ्यात मोठं काम आमच्या पिढीने डोळ्यांसमोर पाहिलं. विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंच उलवे टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली आणि सखल जमीन साधारण साडेपाच मीटरने उचलली. चिखलातलं पाणी लवकर निघावं म्हणून उभ्या निचरापट्ट्या खोवून वर भरावाचं वजन ठेवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. काम म्हणून ते थक्क करणारं आहे. पण भराव चालू असतानाच शेजारच्या पारगाव-डुंगीत पावसाचं पाणी घरांत शिरू लागलं, आणि गावकऱ्यांनी भरावाकडे बोट दाखवलं. एक जागा उंच झाली की तिच्या शेजारची जागा न हलताही सखल होते. नव्या शहरातले रस्ते उंचावले तेव्हा कितीतरी गावठाणांनी हेच अनुभवलं आहे.

काचेची पट्टी

काकांनी त्या दिवशी काम घेतलंच नाही. "हे अजून बसतंय का थांबलंय, ते आधी कळू दे. वहिनी, एक पावसाळा जाऊ द्या." आई वैतागली. मीही. पण त्यांनी पुढे जे सांगितलं त्याने दोघी गप्प झालो. फक्त जमीन बसत असेल तर प्रश्न किचनचा आहे. भिंतही हलत असेल तर प्रश्न बिल्डिंगचा आहे, आणि मग ट्रॉल्यांचे पैसे जपून ठेवा. वाशीतल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या धोकादायक इमारतींच्या बातम्या आम्ही लहानपणापासून वाचत आलो होतो. तिथल्या लोकांची पुनर्विकासाची वाट बघण्यात किती वर्षं गेली ते माहीत होतं.

त्यांनी काचेच्या दोन पातळ पट्ट्या आणल्या. एक भिंतीतल्या चिरेवर आडवी, दुसरी जमिनीतल्या चिरेवर. दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली. काच ताणली जात नाही. चीर केसभर जरी रुंदावली तरी ती तडकते. रोज सकाळी चहा ठेवताना आई आधी ती बघायची. जुलैत मुसळधार पावसाच्या रात्री तर मी दोनदा उठून टॉर्च मारला.

ऑगस्टमध्ये जमिनीवरची काच तडकली. भिंतीवरची आजही शाबूत आहे.

मग सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवलं. जमीन उकरली तेव्हा कोब्याखाली हात जाईल एवढी पोकळी निघाली. मी ठरवलेलं ते मिश्रण ओतलं असतं तर वर्षभर सपाट दिसलं असतं, आणि मग ट्रॉल्यांच्या वजनासकट खाली गेलं असतं. इंजिनीअरच्या सल्ल्याने पोकळी भरून धुमसाने ठोकून घेतली. वर सळ्यांची जाळी टाकून, चारही बाजूंच्या प्लिंथ बीममध्ये तिची टोकं रोवून स्लॅब ओतला. आता खालचा भराव आणखी बसला तरी जमिनीचा भार बीम घेतील.

टाइल लावायच्या दिवशी मी काकांना म्हटलं, आता सगळं कसं लेव्हलमध्ये होईल. आई आतून म्हणाली, "ढाळ ठेवा हो. दूध उतू गेलं, नळ चालू राहिला, तर पाणी काय हॉलमध्ये घ्यायचं?"

काकांनी दोरी बांधली. २० मिलिमीटरचा जुना ढाळ पुन्हा दिला आणि तीस वर्षं टाइलखाली दडलेली मोरीची जाळी उघडली. कॅबिनेट वर-खाली करता येणाऱ्या पायांवर उभी केली. त्यांच्या वरच्या कडेला लेसर लावला तर फरक शून्य. खालचे पाय मात्र प्रत्येकाचे वेगळे. ते पट्टीने झाकले आहेत, म्हणून कुणाला दिसत नाहीत.

निघताना काका चपला घालता घालता खिडकीतून बाहेर बघत होते. मी विचारलं, तुमचं शेत नेमकं कुठे होतं? त्यांनी पार्किंगमधल्या गाड्यांवरून बोट फिरवत बांधाची रेघ दाखवली. ती आमच्या किचनच्या कोपऱ्याजवळून जात होती.

भिंतीवरची काच आम्ही अजून काढलेली नाही.