जॅक उचलतो, टेकू धरतो : कापसाच्या प्रेसपासून मोटारसायकलच्या लिफ्टपर्यंत

१/ भारतात कापसाच्या एका गाठीचे प्रमाण वजन आज १७० किलो धरतात. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक मोटारसायकलींचे वजन साधारण ११० ते २०० किलोंच्या दरम्यान असते. गाठ दाबणारी आणि गाडी उचलणारी शक्तीही एकच आहे : बंद नळकांड्यातील द्रवाचा दाब. ही शक्ती वर्धा जिल्ह्यात कशी आली, ती कोठे दगा देते आणि घरच्या अंगणात लिफ्ट वापरताना या इतिहासातून काय घ्यावे, हे या धाग्यात पाहू.

२/ ठिकाण आहे सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे). वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे. ही सिंदी मात्र नागपूर–वर्धा लोहमार्गावर, बुटीबोरी आणि सेलू रोड या स्थानकांच्या दरम्यान वसलेली आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. गावाच्या नावातला कंसही रेल्वेनेच दिलेला आहे.

३/ रेल्वे येथवर येण्यामागे कापूस हे एक मोठे कारण होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीकडे वळली. परंतु मोकळा कापूस वजनाला हलका आणि आकाराला अवाढव्य. रेल्वेचा डबा वजनाने भरण्याआधीच जागेने भरे. म्हणून सरकी काढण्यासाठी जिन आणि गाठी बांधण्यासाठी प्रेस असे कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंगणघाटसारख्या बाजारपेठांत उभे राहिले. वाफेच्या बळावर चालणारे हायड्रॉलिक प्रेस या मुलखाने असे पाहिले.

४/ या प्रेसचे मूळ तत्त्व फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल याचे. बंद द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून यंत्र घडवले ते इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने. त्याचे पेटंट १७९५ चे आहे.

५/ हिशेब सोपा आहे. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचे २० असेल, तर लहानावर १० किलोंचा भार देताच मोठा दट्ट्या २०० किलो उचलतो. मात्र फुकट काही मिळत नाही. लहान दट्ट्या २० सेंटिमीटर खाली जाईल, तेव्हा मोठा जेमतेम १ सेंटिमीटर वर येईल. जॅकचा दांडा पुन्हा पुन्हा मारावा लागतो, तो म्हणूनच.

६/ आता या धाग्याचा खरा मुद्दा. ब्रामाला सर्वांत जास्त सतावले ते गळतीने. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. दाब जितका वाढेल तितकी घट्ट बसणारी चामड्याची वाटीसारखी कडी बसवली, तेव्हा कोठे प्रेस कामाचा झाला. या सुधारणेचे श्रेय त्याच्या कारखान्यात काम केलेल्या हेन्री मॉड्सले याला दिले जाते. आजच्या जॅकमध्ये पाण्याऐवजी तेल आणि चामड्याऐवजी रबरी सील आहे. दुबळी जागा मात्र तीच राहिली आहे.

७/ प्रेसचे सील गळले तर गाठ सैल राहते. जॅकचे सील गळले तर भार खाली येतो, आणि खाली कोणाचा तरी हात असतो. १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन याने हातात उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचे पेटंट घेतले, तेव्हापासून हा धोका कारखान्याच्या भिंतींबाहेर पडला.

८/ उत्तरही त्याच शहरात, त्याच काळात सापडले. १८५४ मध्ये एलिशा ओटिस उंचावलेल्या पाळण्यावर स्वतः उभा राहिला आणि त्याने लोकांसमोर दोर तोडायला लावला. पाळणा किंचित घसरला व जागीच अडकला. उचलणारा दोर तुटला तरी धरणारा अडसर निराळा होता. उचलणे आणि धरणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या दिवशी हजारोंना डोळ्यांनी दिसले.

९/ आपल्या बैलगाडीवाल्यांना हे सांगावे लागले नसते. चाक काढून आसाला वंगण द्यायचे तर एकजण वाशाची तरफ लावून गाडी उचली आणि दुसरा लगेच खाली टेकू सारी. भार टेकूवर बसल्याशिवाय चाकाला हात लागत नसे. रेल्वेच्या कामातही हीच शिस्त आहे : जॅकने डबा उचलायचा आणि खाली भक्कम आधार रचायचा.

१०/ मग आली दुचाकी. वर्धा ही जमनालाल बजाज यांची कर्मभूमी. त्यांच्या घराण्याने १९४५ मध्ये स्थापन केलेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनचीच पुढे बजाज ऑटो झाली आणि १९७२ मध्ये तिची ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली. त्याच दशकात लूना आली, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. गावोगावी दुचाकी पोहोचली आणि तिच्यासोबत घरच्या घरी दुरुस्ती करण्याची हौसही.

११/ तेव्हाच्या गाड्यांना मेन स्टँड असे, आणि तो स्वतःच एक छोटी लिफ्ट आहे. पाय देताच तो तरफेसारखा गाडी उचलतो. पाय उभ्या रेषेच्या थोडे पलीकडे गेले की गाडीचे वजनच त्याला मिटू देत नाही. तरफ उचलते, वजन कुलूप लावते. पुढे अनेक स्पोर्ट्‌स गाड्यांतून मेन स्टँड गेला आणि पॅडॉक स्टँड, कात्री जॅक आणि गॅरेजात ज्याला ‘रॅम्प’ म्हणतात ती हायड्रॉलिक लिफ्ट घरांत येऊ लागली.

१२/ तोल का जातो? सिंदीचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. त्यातले लाकडी नंदी आठवा. नंदी चार चाकांच्या रुंद पाटावर उभा असतो, म्हणून पोरांनी ओढला तरी सहसा कलंडत नाही. मोटारसायकल दोन चाकांच्या एका रेषेवर उभी असते. तिला उचलले की गुरुत्वमध्य वर जातो आणि आधार तेवढाच अरुंद राहतो. म्हणून आधी तोल बांधावा, मग उंची द्यावी.

१३/ जमीन. वर्ध्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घातलेली फरशीही त्यामुळे उचलते व तडकते. सपाट, कोरडी, तडा नसलेली काँक्रीटची जागा निवडावी. शेणामातीच्या अंगणात किंवा पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर लिफ्ट लावू नये. लिफ्टवर लिहिलेली भारक्षमता गाडीच्या वजनाहून बरीच अधिक असावी.

१४/ चढवणे. इंजिन बंद असावे आणि सोबत दुसरा माणूस असावा. गाडी ढकलत चढवावी, चालवत नव्हे. पुढचे चाक पकडीत बसवावे. मग दोन्ही बाजूंनी रॅचेट पट्टे खालच्या टी-ला बांधावेत. आरसा, इंडिकेटर किंवा केबलला कधीही नाही. ताण दोन्हीकडे सारखा आणि पुढचे शॉकअप साधारण निम्मे दबेल इतकाच. पुढचेच चाक काढायचे असेल तर पकड आणि शॉकअप यांवर विसंबून चालत नाही. चौकटीला खालून स्वतंत्र आधार द्यावा आणि पट्टेही चौकटीलाच बांधावेत.

१५/ कुलूप. हवी ती उंची आली की लिफ्टची पिन किंवा दाते अडकवावेत आणि जॅकचा दाब सोडून गाडीचा भार प्रत्यक्ष त्यांच्यावर बसू द्यावा. नुसती पिन घालून भार तेलावरच ठेवला, तर पिन असूनही नसल्यासारखीच. त्यानंतर गाडी हळूच हलवून पाहावी. डगमगली तर खाली घेऊन पुन्हा बांधावी.

१६/ काम. मागचे चाक काढले की वजन पुढे सरकते, पुढचे काढले की मागे. म्हणून सुटणाऱ्या भागाच्या विरुद्ध टोकाला आधी आधार द्यावा. फार घट्ट बसलेले नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्यावेत. उंचावर पान्याला दिलेला झटका सगळी गाडी हलवतो. आणि एवढे करूनही गाडी कलंडलीच, तर हात काढून बाजूला व्हावे. टाकीचा पोचा निघतो, चिरडलेले बोट परत मिळत नाही.

१७/ उतरवणे. खाली मुलेबाळे, पाय, हत्यारे नाहीत हे आधी पाहावे. थोडे वर उचलून कुलूप काढावे आणि वाल्व हळूहळू उघडावा. गाडी जमिनीला टेकेपर्यंत पट्टे सोडू नयेत.

१८/ ब्रामाच्या चामड्याच्या कडीपासून आजच्या रबरी सीलपर्यंत दोनशेहून अधिक वर्षे गेली. या काळात उचलणे फार सोपे झाले. धरण्याची काळजी मात्र तितकीच उरली. बैलगाडीचा टेकू, ओटिसचा अडसर आणि लिफ्टची पिन ही एकाच शहाणपणाची तीन रूपे आहेत. घरी लिफ्ट असेल, तर पुढच्या वेळी गाडीखाली हात घालण्याआधी एवढेच विचारावे : हा भार आत्ता तेलावर आहे की लोखंडावर?

धागा समाप्त.