रुपयाचे चौसष्ट पैसे आणि यंत्राचे गणित

आपल्यांतील ज्या वडीलधाऱ्या मंडळींनी १९५७ पूर्वी शाळेत पाटी हाती धरली, त्यांच्या कानांत पावकी, निमकी, दिडकी यांचा घोष अजून असेल. त्या काळचा रुपया सोळा आण्यांचा आणि आणा चार पैशांचा. रुपयाचे निम्मे अधेली, अधेलीचे निम्मे पावली, मग चवली, मग आणा, मग ढब्बू आणि शेवटी पैसा. सहा वेळा निम्मे केले की रुपयाचे ६४ पैसे होत. १ एप्रिल १९५७ रोजी ही व्यवस्था जाऊन १०० नव्या पैशांचा रुपया आला. हिशेब सोपा झाला असे सर्वांना वाटले, आणि ते खरेही होते. पण ते माणसापुरते खरे होते. संगणकाला विचारले असते तर त्याने जुन्या रुपयाच्याच बाजूने कौल दिला असता. असे का, हे पाहू गेल्यास एका अल्पपरिचित शास्त्राचा इतिहास आपल्यापुढे उलगडतो.

संगणक सर्व संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहितो. या प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. ह्या द्विमान पद्धतीवर जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्स याने १७०३ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. आपल्या दशमान पद्धतीत संख्येपुढे शून्य मांडले की ती दसपट होते. द्विमानात ती दुप्पट होते. सहा म्हणजे ११०. पुढे शून्य दिले की ११००, म्हणजे बारा. सहाचाच शेवटचा अंक पुसला की ११, म्हणजे तीन. तेव्हा दोनाने, चाराने किंवा ६४ ने गुणणे-भागणे हे यंत्राच्या दृष्टीने गणितच नव्हे. अंक काही घरे डावीकडे वा उजवीकडे सरकविले की काम झाले. शंभराने भागावयाचे म्हटले की मात्र यंत्राला खरा भागाकार करावा लागतो आणि तो त्याच्या सर्वांत संथ कामांपैकी एक.

आता हे सरकविण्याचे कसब यंत्राला सांगावयाचे कोणी? आरंभी माणसेच प्रत्येक आज्ञा हाताने लिहीत आणि अशा युक्त्या स्वतःच योजीत. ज्या १९५७ च्या एप्रिलात आपल्याकडे नवे पैसे आले, त्याच महिन्यात अमेरिकेत जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान भाषेचा कंपायलर लोकांच्या हाती दिला. कंपायलर म्हणजे माणसाने सूत्ररूपाने लिहिलेले यंत्राच्या आज्ञांत उतरविणारा दुभाषी. बॅकस यांच्या मनात एकच धास्ती होती : या दुभाष्याने केलेले काम हाताने लिहिलेल्या कामाच्या निम्म्याच वेगाने चालले, तर त्याला कोणी जवळ करणार नाही. म्हणून या दुभाष्याला पहिल्या दिवसापासून काटकसर शिकवावी लागली.

त्याच वर्षी फ्रान्सिस अॅलन नावाच्या तरुण गणितशिक्षिका आयबीएममध्ये दाखल झाल्या. तेथील शास्त्रज्ञांना फोर्ट्रान शिकविणे हे त्यांचे पहिले काम. पुढे त्यांनी जॉन कॉक यांच्यासमवेत काटकसरीच्या या युक्त्यांची पद्धतशीर सूची तयार केली; ती १९७२ साली ग्रंथात छापली गेली. महाग क्रियेच्या जागी स्वस्त क्रिया योजणे ही त्यांतील एक युक्ती. दहाने गुणावयाचे आहे? मग आठपट आणि दुप्पट यांची बेरीज करा. दोनदा सरकविणे आणि एक बेरीज, गुणाकार नाहीच. कॉक यांना १९८७ चे आणि अॅलन यांना २००६ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला.

परंतु काटकसरीला एक अट असते : माल तोच राहिला पाहिजे. येथेच दुभाष्याची फसगत झाली. १९७७ साली गाइ स्टील यांनी एका लेखात दाखविले की, उजवीकडे सरकविणे म्हणजेच दोनाने भागणे, हे कंपायलर लिहिणारे गृहीत धरतात ते ऋण संख्यांना लागू नाही. सात पैशांचे कर्ज निम्मे केले, तर अपूर्णांक सोडण्याच्या फोर्ट्रानच्या नियमाने उणे तीन आले पाहिजेत. सरकवून उणे चार येतात. एका पैशाच्या कर्जाचे तर नवलच! पुढे रूढ झालेल्या यंत्रांत उणे एक ही संख्या सगळ्या घरांत एक मांडून दाखवितात. सरकविताना चिन्हाचे घर कायम राखावे लागते, म्हणून ती कितीही सरकविली तरी उणे एकच राहते. हजार वेळा निम्मे करूनही न फिटणारे हे कर्ज! यावर उपायही आहे. संख्या ऋण असेल तर आधी तीत एक मिळवावा आणि मग सरकवावे; ६४ ने भागावयाचे असेल तर ६३ मिळवावेत. तेवढी एक बेरीज वाचविण्याच्या नादात उत्तर मात्र चुकत होते.

नव्या पैशाचेही कोडे पुढे सुटले. १९९४ साली टॉर्ब्यॉर्न ग्रानलुंड व पीटर मॉन्टगोमेरी यांनी ठराविक भाजकाने भागण्याऐवजी गुणण्याची सर्वसाधारण रीत सिद्ध केली. बत्तीस बिटांच्या कोणत्याही धन संख्येला १०० ने भागावयाचे असल्यास तिला १,३७,४३,८९,५३५ ने गुणावे आणि उत्तर ३७ घरे उजवीकडे सरकवावे. हा चमत्कार नव्हे. दोनाचा ३७ वा घात १,३७,४३,८९,५३,४७२ होतो. आपल्या गुणकाची शंभरपट त्याहून अवघ्या २८ ने जास्त आहे. ही तफावत ३२ च्या आत असेल तर एकाही संख्येचे उत्तर चुकत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आज आपण शंभराने भागा असे लिहितो आणि कंपायलर मुकाट्याने हा अवाढव्य गुणाकार योजतो.

'मुकाट्याने' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. पुस्तकाच्या अनुवादात अर्थ बिघडला तर चाणाक्ष वाचकाला ते जाणवते. येथे लिहिणारा एक लिहितो, यंत्र दुसरेच करते, आणि मधला दुभाषी कोणाच्या नजरेस पडत नाही. त्याची चूक निरपराध लेखकाच्या माथी बसते. हिशेब पेढीचा असो वा रुग्णाच्या औषधाचा, चुकलेला आकडा बरोबर आकड्याइतकाच ठाम दिसतो. २०१५ साली नुनो लोपेस, डेव्हिड मेनेंडेझ, संतोष नागरकट्टे व जॉन रेगर यांनी एलएलव्हीएम या जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरातील असे तीनशेहून अधिक नियम तपासले. दोन्ही बाजूंचे उत्तर निराळे येईल अशी एखादी तरी संख्या आहे काय, हा प्रश्न त्यांनी तर्काच्या यंत्रालाच घातला. जाणत्या लोकांनी लिहिलेल्या आणि वापरात असलेल्या त्या नियमांपैकी आठ चुकीचे निघाले.

बॅकस यांच्या पिढीपुढे प्रश्न वेगाचा होता. तो त्यांनी सोडविला. त्यांच्यामागून आलेल्यांना कळून चुकले की दहा उदाहरणे बरोबर आली म्हणजे रीत बरोबर ठरत नाही. धन, ऋण, शून्य, लहान, मोठी, प्रत्येक संख्येचा जाब द्यावा लागतो. आमच्या लहानपणी गुरुजी उत्तराखाली ताळा मांडल्यावाचून पाटी पुसू देत नसत. यंत्राच्या दुभाष्यालाही आता तीच शिस्त लागू लागली आहे, आणि ज्यांचे पैसे व ज्यांचे प्राण त्या पाटीवर मांडले जातात, त्या आपण सर्वांनी ती शिस्त मागत राहिले पाहिजे.