भांड्यावरचं नाव

लग्नसराईत चांदूर बाजारच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक गंज, गुंड, ताटं-वाट्या निवडतं, भावासाठी घासाघीस करतं आणि पैसे मोजायच्या आधी खिशातली चिठ्ठी पुढं सरकवतं. "एवढं नाव टाकून द्या, भाऊ." दुकानातला पोरगा वायर जोडलेलं जाडसर पेन उचलतो, ताट मांडीवर तिरकं धरतो आणि घर्र आवाजाबरोबर काठावर अक्षरं उमटू लागतात. 'शुभविवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट', खाली देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. शिरजगाव, करजगाव, ब्राह्मणवाडा थडी, आसेगाव अशी आसपासची सगळी गावं या ताटांवर एकत्र नांदतात.

लग्नाची आठवण जपायच्या तऱ्हा पुष्कळ. बाशिंग देवघरात किंवा आढ्याला टांगून ठेवायचं, शालू नॅप्थलीनच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवायचा, अल्बम कपाटात. यातलं बाशिंग वाळवी खाते, शालूची जर काळी पडते. व्हिडिओ कॅसेटचं तर पूर्ण आयुष्यच डोळ्यांदेखत सरलं. व्हीएचएस कॅसेट १९७६ साली जपानात बाजारात आली आणि ती लावायचं यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीनं, फुनाईनं, २०१६ साली उत्पादन थांबवलं. चाळीस वर्षांत खेळ आटोपला. लग्नात आलेला पितळी गडवा मात्र साठ-सत्तर वर्षांनीही पाणी पितो-पाजतो, आणि त्याच्या मानेखालचं नाव अजून वाचता येतं.

या नावाचा जन्म आठवणीसाठी झालेला नव्हता. मूळ गरज रोखठोक होती. गावात लग्नाची पंगत बसायची तेव्हा मंगल कार्यालय नव्हतं, भाड्यानं भांडी देणारा नव्हता. घरोघरी जाऊन कोपर, परात, गुंड, ताटं मागून आणायची, पंगती उठल्या की घासून ज्याची त्याला परत द्यायची. शंभर घरची भांडी एका ढिगात पडली की कोणाचं काय ते ओळखायचं कसं? म्हणून नाव, नाहीतर निदान आडनावाचं पहिलं अक्षर किंवा एखादी खूण. पितळ आणि तांबं ही घराची पुंजीसुद्धा होती. नापिकीच्या साली गुंड-परात सावकाराकडे गहाण पडे, आणि सोडवून आणताना आपलीच वस्तू परत मिळाली याची खात्री नावावरून होई. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना सांगत की ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. घरात विकून पैसा उभा करता येईल अशी वस्तू म्हणजे भांडं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मालकीचं नाव आणि आहेराचं नाव यांच्यात एक मोठा फरक आहे. मालक स्वतःचं नाव घालतो. आहेर देणारा दुसऱ्याच्या घरात जाणाऱ्या वस्तूवर आपलं नाव घालतो. हा बदल झाला आणि भांडं नात्याची नोंद बनलं. लग्नघरी अहेराची वही असतेच: अमक्याकडून ताट, तमक्याकडून गंज. उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की काय न्यायचं ते त्या वहीवरून ठरतं. ही नोंद वहीत राहते तशीच भांड्यावरही राहते. वही दहा-वीस वर्षांत फाटते, हरवते. भांडं रोज चुलीजवळ असतं.

वऱ्हाडात धातूवर नाव कोरण्याला फार जुना शेजार आहे. चांदूर बाजारला लागूनच अचलपूर तालुका आहे आणि त्यातल्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. काळ पाचव्या शतकाचा. फ्लीट यांनी १८८८ साली आपल्या गुप्तकालीन लेखांच्या ग्रंथात तो छापला. चर्मांक नावाचं गाव, म्हणजेच आजचं चम्मक, ब्राह्मणांना दान दिल्याचा तो लेख आहे. त्यात दान घेणाऱ्यांपैकी अनेकांची नावं आहेत आणि राजाची वंशावळही आहे. त्या वंशावळीत राजाची आई प्रभावतीगुप्ता हिचा उल्लेख महाराजाधिराज देवगुप्ताची, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची, मुलगी असा येतो. गुप्तांची लेक वाकाटकांच्या घरी आली, आणि तिच्या माहेरचं नाव सासरच्या राजशासनात तांब्यावर कोरलं गेलं.

तांब्याचे ते पत्रे आणि आजचं आंदणाचं ताट यांच्यात सलग वंशावळ दाखवता येणार नाही, आणि ओढूनताणून दाखवूही नये. पण टिकावं असं जे काही आहे ते धातूवर लिहावं, ही समज एकच आहे. आणि माहेराचा मुद्दाही दोन्हीकडे सारखाच आहे. वऱ्हाडातल्या जुन्या पिढीतल्या कितीतरी बायांचं लग्नात नाव बदललं. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, मतदार यादीत सासरचं नाव लागलं. त्यांच्या बापाचं, भावाचं, मामाचं नाव सासरच्या घरात लिहिलेलं सापडतं ते बहुतेक वेळा एखाद्या गंजावर. "हा माह्या मामानं देल्ला," असं म्हातारी सांगते, तेव्हा ती बोटानं अक्षरं दाखवते; वाचता येत नसलं तरी कुठलं भांडं कोणाचं हे तिला पाठ असतं.

तारखेचंही तसंच. सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असं सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना २००६ साली सांगितलं. त्याआधी खेड्यातली लग्नं बहुधा नोंदीशिवायच होत. लग्नपत्रिका कोणी जपून ठेवली नसेल तर त्या दिवसाचा एकमेव लेखी पुरावा काठावर तारीख घातलेलं ताट असू शकतं. हा पुरावा कचेरीत चालेल न चालेल. घराला तो पुरतो.

आता कारागिरीकडे. विजेच्या आधी नाव हातानं पडे. टोकदार पोलादी खिळा आणि हलकी हातोडी, एवढंच हत्यार. एक ठोका, एक ठिपका. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर. म्हणून जुन्या पितळेवरची अक्षरं जवळून पाहिली की रेघ दिसत नाही, ठिपक्यांची रांग दिसते. पातळ पत्र्यावर ठोका जोरात बसला तर आतून टेंगूळ येई, हलका बसला तर राख-चिंचेच्या घासणीत ठिपका पुसून जाई. तेवढ्यात वेलांटी, रफार, जोडाक्षर सांभाळायचं, आणि तेही गोल पोटाच्या गुंडावर, जिथं सरळ शिरोरेषाही वळत जाते. पितळी भांड्याला आतून कल्हई होते, दरवेळी तापवून नवसागर टाकून कथलाचा हात फिरतो. त्यामुळं नाव बाहेरूनच घालत. बाहेर फक्त राखेचा हात.

विजेच्या पेनाचा पूर्वज अमेरिकेतला. एडिसननं १८७६ साली, म्हणजे शेंडगावात गाडगेबाबांचा जन्म झाला त्याच वर्षी, 'इलेक्ट्रिक पेन'चं पेटंट घेतलं. त्याची सुई कागदाला बारीक भोकं पाडत जाई आणि त्या कागदावरून शाईनं नकला काढता येत. त्याच कल्पनेवरून सॅम्युअल ओरायलीनं १८९१ साली गोंदवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढं भांड्यांवर लिहिणारी मशीन आली तीही याच जातकुळीची. आत तारेचं वेटोळं, त्यासमोर स्प्रिंगवर बसवलेली लोखंडी पट्टी, पट्टीला कठीण टोक. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात वेटोळं पट्टीला दोनदा ओढतं. सेकंदाला शंभर ठोके. दुकानात ऐकू येणारी घर्रघर्र ती हीच. ठिपके इतके जवळ पडतात की डोळ्याला सलग रेघ दिसते आणि हात लिहितो तसं अक्षर वळतं. ज्याचं अक्षर चांगलं तोच पोरगा दुकानात नावं टाकायला बसतो, हे त्यामुळंच.

मशीन आणि स्टील यांनी एकमेकांना हात दिला. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली गंज न चढणारं पोलाद ओतलं. आपल्या स्वयंपाकघरात ते खऱ्या अर्थानं शिरलं ते स्वातंत्र्यानंतर. कल्हई नको, चिंच नको, वजनाला हलकं. पितळेहून कठीण असल्यामुळं त्यावर हातानं ठिपके मारणं जिवावर येई, तिथं मशीन कामी आली. शिवाय या पोलादातलं क्रोमियम हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरतं. ओरखडा पडला तर तो थर आपोआप पुन्हा धरतो, म्हणून कोरलेल्या अक्षरातही गंज शिरत नाही. नावासाठी याहून चांगला कागद शोधून सापडणार नाही.

हळहळ वाटते ती पितळेबद्दल. घराची वाटणी झाली, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, की माळ्यावरची पितळी भांडी मोडीत जातात. तराजूवर किलोचा भाव होतो आणि आजीच्या मामाचं नाव, गाव, साल सगळं भट्टीत जातं. विकणाऱ्याला दोष द्यायचं कारण नाही. पैशाची नड असेल तर भांडं मोडायचंच, ते त्यासाठीच तर होतं. पण दुकानात न्यायच्या आधी अर्धा तास काढावा. ताम्रपटाचा किंवा शिलालेखाचा अभ्यास करणारे ठसा घेतात, तसाच घरी घेता येतो. भांडं कोरडं पुसायचं, अक्षरांवर पातळ कागद घट्ट धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. ठिपके पांढरे राहतात, भोवती काळं होतं. अक्षर फारच झिजलेलं असेल तर चिमूटभर टाल्कम पावडर चोळून खिडकीशी उन्हात तिरकं धरावं आणि फोनवर फोटो काढावा. ठशाच्या कागदावर भांड्याचं नाव आणि वजन लिहावं, आणि देणाऱ्याशी नातं काय होतं तेही विचारून तिथंच टिपून घ्यावं. भांड्यावर नाव असतं, गाव असतं. हा माणूस आजीचा सख्खा मामा की चुलतमामा, हे त्यावर बहुधा कोणी कोरलेलं नसतं.