आपले गाव कोणते?

आमच्या देवगाव फाट्याची पोरे परगावी गेली आणि कुणी "कुठले तुम्ही?" असे विचारले, की हमखास "सेलूचे" किंवा "परभणीचे" असे सांगून मोकळी होतात. फाट्याचे नाव सांगायला कमीपणा वाटतो. मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत मी हे पाहत आलो. पण सगळा जन्म खोटे गाव सांगण्यात गेला अशी एक मोठी नटी होऊन गेली, तिची हकीकत आज सांगावीशी वाटते.

तिचे नाव मर्ल ओबेरॉन. जन्म १९११ चा, आपल्या मुंबईतला. खरे नाव एस्टेल थॉम्पसन, घरात म्हणत क्वीनी. घराणे मिश्र रक्ताचे, सिलोनशी नाते असलेले. बालपण मुंबईत आणि पुढे कलकत्त्यात गेले. १९२८ च्या सुमारास ती विलायतेला गेली. तिथे अलेक्झांडर कोर्डा या निर्माता-दिग्दर्शकाने तिला हेरले. १९३३ साली त्याच्या आठव्या हेन्रीवरच्या चित्रपटात ती ॲन बोलिन झाली आणि नावारूपाला आली. 'द डार्क एंजल' या १९३५ च्या चित्रपटासाठी तिला उत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. १९३९ साली 'वुदरिंग हाइट्स'मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर ती नायिका होती.

मात्र जगाला सांगितले गेले, की ही बाई ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर जन्मली. मुंबईचे नाव पुसून टाकले. ती लबाड होती म्हणून? तेव्हाचे कायदे पाहा. अमेरिकेने १९१७ सालीच हिंदुस्थानातून येणाऱ्यांना दार बंद केले होते, ते थोडेसे उघडले १९४६ साली. हॉलीवूडच्या नियमावलीत गोऱ्या-काळ्यांचे प्रेम पडद्यावर दाखवायला मनाई होती आणि १९३४ पासून तिचा अंमल कडक झाला. खरे सांगितले असते तर नायिकेचे काम मिळणेच कठीण होते.

पण किंमत फार पडली. जिने तिला वाढवले ती शार्लट लंडनमध्ये तिच्याजवळ राहत असे. वर्णाने सावळी. पाहुणे आले की ती मोलकरीण म्हणून वावरे, असे मर्लच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. मर्ल तिलाच आई मानत होती. पुढे जन्माच्या नोंदीवरून उघड झाले, की शार्लट तिची आजी होती आणि जन्मदात्री शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. बी.ए.ला मी तेव्हाच्या औरंगाबादला वसतिगृहात होतो. एकदा दादा भाकरीचे गाठोडे घेऊन आले, धोतर-पटक्यात, धुळीने भरलेले. एका मित्राने विचारले, "कोण रे?" मी म्हणालो, "गावाकडचा गडी." दादांनी ऐकले. काही बोलले नाहीत. गाठोडे ठेवले आणि परतीची एस.टी. धरली. मला तर कोणत्या कायद्याने अडवले नव्हते!

१९७८ साली टास्मानियातल्या होबार्ट शहराने मर्लचा 'आपली लेक' म्हणून सत्कार ठेवला. ज्या गावाशी काही नाते नाही तिथे ती सत्काराला उभी राहिली. पुढच्याच वर्षी ती वारली. खरी गोष्ट चरित्रातून सर्वांसमोर आली १९८३ साली. योगायोग असा, की त्याच वर्षी 'गांधी'साठी बेन किंग्जले यांना ऑस्कर मिळाले. गुजराती बापाचा हा इंग्रज नट जन्माने कृष्णा भानजी. नाव त्यांनीही बदलले होते, पण बापाचे मूळ त्यांना लपवावे लागले नाही. मधल्या काळात जग तेवढे पुढे सरकले होते.

असो. आता कुणी गाव विचारले की मी "देवगाव फाटा" असे ठणकावून सांगतो. ऐकायला दादा मात्र नाहीत.