मशेरी : दात घासता घासता जडलेले व्यसन (थ्रेड)

१/ तंबाखू खातात, विडी ओढतात. मशेरी मात्र ‘लावतात’. मराठीतील या एका क्रियापदात एका सवयीचा मोठा इतिहास दडलेला आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि तर्जनीने दातांवर, हिरड्यांवर घासायची. हे व्यसन घरात आले ते दंतमंजनाच्या रूपाने.

२/ दात घासण्याचे शास्त्र आपल्याकडे तंबाखूहून कितीतरी जुने आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त रुई, वड, खैर, करंज, अर्जुन यांच्या काड्या सांगितल्या आहेत. काडीचे टोक मऊ असावे, सकाळी आणि जेवणानंतरही दात घासावेत आणि घासताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे तो बजावतो. हिरडीची ही काळजी लक्षात ठेवावी. पुढच्या काळात नेमका तिचाच विसर पडला.

३/ रोजच्या व्यवहारात काडीबरोबर राखुंडी, मीठ, कोळशाची पूड हेही होतेच. भरड पुडीने रोज जोर लावून घासले की दातांवरील कवच झिजते, हा त्यांचा दोष.

४/ याशिवाय स्त्रियांच्या शृंगारात ‘दातवण’ होते. हिराकस, हिरडा अशा द्रव्यांची ही पूड दात काळे करण्यासाठी लावत. उत्तरेतील ‘मिस्सी’ याच कुळातली. काळे दात तेव्हा सौंदर्याचे लक्षण होते. तंबाखूची काळी पूड स्त्रियांच्या हाती इतक्या सहज रुळली, त्यामागे ही जुनी ओळख असावी असे मानण्यास जागा आहे.

५/ तंबाखू पोर्तुगीजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये लवकरच रुजली. अकबराचा दूत असद बेग याने विजापुरात ती प्रथम पाहिली आणि १७व्या शतकाच्या आरंभी बादशहापुढे नेऊन ठेवली. दरबारी वैद्याने या अपरिचित वस्तूला आक्षेप घेतला, तरी बादशहाने एकदोन झुरके घेतलेच. १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानाला मनाई केली. तिचा फारसा उपयोग झाला नाही.

६/ स्त्रीने विडी ओढणे समाजाला खपणारे नव्हते. दात घासण्याला मात्र कोण हरकत घेणार? मशेरीला हे अभय मिळाले. शेतात, गिरणीत, घरात राबणाऱ्या बाईला दिवसातून दोन क्षण टेकायला तेवढेच निमित्त. सकाळची एक वेळ मग दुपारी, रात्रीही होऊ लागली. याला केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

७/ शिवाय मशेरीचा ‘गुण’ येतो, हा अनुभव सर्वस्वी खोटा नव्हता. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हिरड्यांच्या रोगाची पहिली खूण म्हणजे रक्त येणे, आणि तीच झाकली जाऊ शकते. लावणारीला वाटते, हिरड्या घट्ट झाल्या. प्रत्यक्षात त्या मागे सरकत असतात, दातांची मुळे उघडी पडतात, तोंडात पांढरे चट्टे उमटतात. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने धूरविरहित तंबाखू माणसाला कर्करोग करते, असा निष्कर्ष दिला.

८/ हे केवळ महाराष्ट्राचे दुखणे नाही. पूर्व भारतात ‘गुल’, ओडिशा-छत्तीसगडमध्ये गुळाचे ‘गुडाखू’ : दोन्ही तंबाखूचेच आणि दोन्ही दात घासण्याच्याच नावाखाली. लाल दंतमंजनांत आणि टूथपेस्टमध्येही तंबाखू मिसळली जात असे. १९९२ मध्ये केंद्र सरकारने अशा उत्पादनांवर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये बंदी कायम राहिली.

९/ पण बंदी होती ती कारखान्यातल्या मंजनावर. साधी तंबाखू दुकानात मिळतच राहिली आणि तवा तर प्रत्येक घरात होता. मशेरी भाजताना उठणारा तो उग्र ठसका मराठी मुलखातल्या कित्येक घरांत आजही सकाळी येतो.